विरघळला, पण गेला का?

“कॅप्सूल फुटल्या म्हणजे नेमकं काय झालं?” आवटी सरांनी विचारलं.

“फुटल्या म्हणजे फुटल्या, सर. सगळ्या. चिंध्या झाल्या.”

“तू पाहिलंस?”

“पाहिलं ना. म्हणून तर आलोय.”

“चिंध्या पाहिल्यास. फुटताना पाहिलंस का?”

फुटताना परीक्षित मगदूमनं पाहिलं नव्हतं.

शनिवारची दुपार होती. सांगलीतल्या सरांच्या घराची पुढची खोली. टेबलावर एक जुना मायक्रोस्कोप. कॉलेजनं तो मोडीत काढला तेव्हा सरांनी घरी आणला. स्वतः सर रिटायर झाले त्याच वर्षाची ही गोष्ट, त्यामुळे दोघं एकाच वर्षी मोडीत निघाले असं सर सगळ्यांना हसत सांगायचे.

परीक्षित त्यांचा जुना विद्यार्थी. पुढे परदेशात शिकला, आता पुण्याच्या एका औषध कंपनीत त्याची स्वतःची लॅब आहे. सगळं सुरळीत चाललं होतं तोवर त्याला सरांची आठवण झाली नव्हती. कामात फुटाफूट झाली तशी लगेच झाली. याचं सरांना काही वाटलं नाही. विद्यार्थी असेच येतात.

बरोबर एक सात वर्षांची मुलगी होती.

“ही कोण?” आल्या आल्या सरांनी विचारलं होतं.

“दुर्गा. आमची मुलगी.”

मुलगी भिंतीकडे बघत राहिली. खांद्यावरची पिशवी तिनं काढली नाही, आणि मागच्या अंगणात पायरीवर जाऊन बसली.

आता या कॅप्सूलचं सांगायला हवं. आपण पाण्याबरोबर गिळतो त्या या नव्हेत. या इतक्या लहान की एका थेंबात हजारो मावतात. मेलामाइनच्या ताटल्या असतात ना, लग्नात आहेर म्हणून मिळतात त्या, त्याच जातीचा एक सूक्ष्म गोळा घ्यायचा. धन भाराचं पॉलिमर असलेल्या पाण्यात तो बुडवायचा, धुवायचा. मग ऋण भाराच्या पाण्यात बुडवायचा, पुन्हा धुवायचा. धन ऋणाला धरतं, ऋण धनाला धरतं, आणि थरावर थर बसत जातो. शेवटी आम्ल घालून आतला गोळा विरघळवायचा. पोकळ भिंत उरते, तिच्यात औषध भरायचं.

परीक्षितच्या पहिल्या कॅप्सूलमधून औषध गळत होतं. त्यानं थर वाढवले. तरी थोडं गळलं, म्हणून आणखी वाढवले.

“किती थर दिलेस?” सर.

“भरपूर. इतकी घट्ट भिंत आमच्या लॅबमध्ये आजवर कोणी केली नाही.”

“मग ती फुटली कशी?”

“तेच विचारायला आलोय ना, सर.”

“घट्ट होती म्हणतोस.”

“होतीच.”

“म्हणून विचारतोय.”

परीक्षितला राग आला. राग आला की तो फार सभ्य होतो.

“सर, माफ करा. मला वाटतं भिंत अजून थोडी कच्ची आहे. आणखी थर द्यावे लागतील. तेवढं तुमच्याकडून पक्कं करून घ्यावं म्हणून आलो.”

“असं का? मग बघू या की.”

परीक्षितनं थर्मासमधून आम्लाची कुपी आणि एक लहानशी बाटली काढली. आम्ल न घातलेले, थर चढवलेले गोळे तिच्यात होते. सरांचा हात थरथरतो, म्हणून काचेवर थेंब परीक्षितनंच ठेवला, वर पातळ काच ठेवली.

“आता कडेनं आम्ल सोड. थेंबभर. आणि डोळा काढू नकोस. मला दिसत नाही आताशा, तू सांगत जा.”

“गोळे दिसताहेत. भरीव, काळपट.”

“बरं.”

“आम्ल पोचलं... कडेचे पारदर्शक व्हायला लागले. विरघळले, सर. आतलं सगळं विरघळलं. नुसत्या कडा उरल्या.”

“आता?”

“आता... फुगताहेत.”

“कोण?”

“कॅप्सूलच. पुरीसारख्या फुगताहेत, सर.” त्याचा आवाज बदलला. “एक फुटली. ही दुसरी...”

तो मायक्रोस्कोपवरून उठला नाही. मागच्या अंगणात बोअरची मोटर चालू होती तेवढाच आवाज.

“बाहेरून कोणी धक्का दिला का?” सरांनी विचारलं.

“नाही.”

“मग भिंत कुणी फोडली?”

“आतून फुटली.”

“आत काय होतं?”

“आत काहीच नव्हतं. गोळा तर विरघळला होता.”

“विरघळला म्हणालास. गेला म्हणालास का?”

परीक्षितनं मान वर केली.

“विरघळणं वेगळं, परीक्षित, आणि जाणं वेगळं. भरीव होता तोवर गुपचूप बसला होता. विरघळला आणि त्याचे तुकडे सुटे झाले. त्यांना बाहेर पडायचं होतं. बाहेरचं पाणी आत शिरत होतं. आता सांग, गोळा जाणार होता कुठून?”

“भिंतीतून.”

“कुठल्या भिंतीतून?”

उत्तर परीक्षितला येत होतं. ते तोंडातून काढायला मात्र वेळ लागला.

“मी घट्ट केली त्या.”

सर हसले. कुणाची चूक पकडल्यावर माणसं हसतात, तसं हे हसणं नव्हतं. ते पूर्वी वर्गातही असंच हसायचे आणि पोरं चुका दाखवायला रांग लावायची.

“लेका, भिंत कच्ची असली तर गळते, फुटत नाही. तुझी चांगली मजबूत झाली होती. थोड्या थरांत असताना त्या भिंतीला बारीक बारीक वाटा असतात. विरघळलेलं हळूहळू निघून जातं, फुगलेली कॅप्सूल परत मूळ आकाराला येते. तू त्या वाटाच बुजवल्यास.”

“म्हणजे आधी थोडेच थर द्यायचे. गोळा विरघळवायचा. तो बाहेर जाऊ द्यायचा. आणि मग रिकाम्या कॅप्सूलवर वरून—”

“दे की हवे तेवढे. तेव्हा कोण नाही म्हणतंय?”

परीक्षितचा चेहरा उजळला. इतकं सोपं! तो बाटली थर्मासमध्ये घालायला लागला, पुण्याला पोचायला किती वाजतील याचा हिशेबही डोक्यात सुरू झाला. उत्तर मिळालं की माणूस लगेच निघतो. ही खोडही जुनीच.

तेवढ्यात दुर्गा दारात आली.

“जायाचं का आता?”

“जायाचं नाही बाळा, जायचं,” परीक्षित म्हणाला. “हो, निघू या. घरी.”

“घरी न्हाई. परत.”

परीक्षितच्या हातातलं थर्मासचं झाकण खाली पडलं.

“दुर्गा,” सर म्हणाले, “अंगणात पेरूचं झाड आहे बघ. खालच्या फांदीला पिकलेले आहेत. तीन काढून आण. एक तुला, एक मला, एक याला.”

ती गेली. सरांनी खुर्चीकडे बोट दाखवलं.

“बस.”

परीक्षित बसला.

“परत म्हणजे कुठं?”

“संस्थेत, सर.” मग त्यानं सगळं सांगितलं. त्याच्या आणि वृषालीच्या लग्नाला बारा वर्षं झाली, मूल नाही. दुर्गाला दत्तक घ्यायचं ठरवलं. उन्हाळ्यात ती घरी आली. जतच्या बाजूच्या एका वाडीतली. आईबाप लहानपणीच गेलेले, आजीनं वाढवली. आजी गेली तशी संस्थेत आली. परवा सोमवारी संध्याकाळी संस्थेच्या बाई घरी येणार आहेत. दुर्गाला एकटीला बसवून विचारणार, इथं राहायचं का. ती नाही म्हणाली तर पुढचं सगळं थांबेल.

“आणि रोज एकच सांगते, परत जायचंय. पिशवी खांद्यावरून काढत नाही. झोपताना उशाशी घेते.” तो थांबला. “मला ती हवी आहे, सर. वृषालीला तर... वृषाली रोज रात्री स्वयंपाकघरात रडते. मी ऐकतो आणि झोपल्याचं सोंग करतो.”

सरांनी काही सल्ला दिला नाही. ते ऐकत होते.

“काय कमी केलं आम्ही? वेगळी खोली दिली. सायकल, कपडे, चांगली शाळा. जुनं काही आठवू नये म्हणून किती जपतो. ती आजीला आई म्हणायची. रात्री ‘आई’ अशी हाक मारते. वृषाली धावत जाते, तर ही तोंड फिरवते. म्हणते, तुला न्हाई. मग मी तिला समजावलं. ही तुझी आई, ती आजी होती. विषय निघाला की मी लगेच दुसरं काहीतरी काढतो. आईस्क्रीम म्हणा, खेळणं म्हणा. तिला त्रास नको म्हणून...”

बोलता बोलता त्याची नजर मायक्रोस्कोपवर गेली. तिथंच थांबली.

“सर... म्हणजे दुर्गासुद्धा...”

“गप्प बस!” सरांचा आवाज चढला. परीक्षित दचकला. “मी कॅप्सूलबद्दल बोलत होतो. पोरीला कॅप्सूल करू नकोस. तिच्या आईला विरघळवून टाकायला ती काय मेलामाइनची आहे?”

“मग मी काय करू?”

“तुला काय माहीत आहे तिच्या आईबद्दल?”

“आजीबद्दल?”

सरांनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं.

“आईबद्दल... काहीच नाही, सर. नावसुद्धा नाही.”

दुर्गा तीन पेरू घेऊन आली. लुगड्याचा ओचा करावा तसा तिनं फ्रॉकचा घेर धरला होता. सरांनी एक पेरू घेतला, हुंगला, आणि तिला शेजारच्या स्टुलावर बसायला सांगितलं.

“तुझी आई भाकरी कसली करायची गं? शाळूची का बाजरीची?”

परीक्षित पुढे सरकला. “सर, तो विषय—”

सरांचा थरथरता हात त्याच्या मनगटावर आला आणि तिथंच राहिला.

दुर्गानं सरांकडे पाहिलं नाही. आधी परीक्षितकडे पाहिलं.

“आजी म्हणायचं,” ती हळूच म्हणाली.

परीक्षितला ते सोसवेना. त्याची मान खाली गेली.

“मी आई विचारलं,” सर म्हणाले.

दुर्गा पेरूचं देठ नखानं सोलत होती.

“...शाळूची.”

“थापून?”

“थापून. पयली भाकरी माझी. बारकी. चानकी म्हणायची तिला. तव्यावरनं थेट हातात द्यायची आन म्हणायची, फुंकर मार, भाजंल.”

“भाजायचं का?”

“भाजायचं की! मी फुंकर मारायचीच न्हाई.” ती हसली. परीक्षितनं तिला हसताना पहिल्यांदा पाहिलं. पुढचे दोन दात पडलेले आहेत आणि एक अर्धा उगवलाय, हे त्याला आज कळलं.

“नाव काय होतं आईचं?”

“गंगव्वा.”

“आणि परत जायचंय म्हणतेस, ते कुठं? संस्थेत?”

“न्हाई. तितं कशाला?”

परीक्षितनं मान वर केली.

“मग गं?” सर.

“घरला. आईकडं.”

“दुर्गा, बाळा,” परीक्षितला राहवलं नाही, “अगं, ती तर...”

“मेली. मला ठावं हाय. मी बघितलंय.” तिचा आवाज बारीक झाला. “पर तिला कुठं ठावं हाय मी पुण्याला असती ते? मला तितनं जीपमदी घालून न्येलं तवा ती नव्हती. तिला कुणीच सांगिटलं न्हाई. ती मला हुडकत बसंल. सांजच्याला मी घरात न्हाई म्हटल्यावर तिला जेवान जात नव्हतं... पत्ता सांगायचाय तिला. नुस्तं सांगून येती की लगीच.”

“सांगून... येतेस?” परीक्षित म्हणाला.

“मग? सोमवारी शाळा न्हाई व्हय?”

एवढं म्हणून ती रडायला लागली. बेताचं, शहाण्यासारखं रडणं नव्हतं. भोकाड पसरलं म्हणतात तसं, तोंड उघडं टाकून. पेरू हातातून सुटून टेबलाखाली गेला.

परीक्षितच्या ओठांवर ‘रडू नकोस’ आलं होतं. तीन महिने तो तेच म्हणत आला होता, आणि त्यात काही वाईट हेतू नव्हता. सरांनी मनगट दाबलं. एवढी ताकद त्या हातात असेल असं वाटलं नसतं.

तो खुर्चीवरून उठला, तिच्या स्टुलाजवळ फरशीवर मांडी घालून बसला, आणि बसून राहिला. त्याचेही डोळे वाहत होते. ते पुसायचं त्याच्या ध्यानात आलं नाही.

तिचं रडणं आपोआप ओसरलं. हुंदके राहिले.

“रस्ता ठाऊक आहे तुला?” परीक्षितनं विचारलं.

“व्हय.”

“मला नेशील?”

ती त्याच्याकडे बघत राहिली. हा माणूस खरं बोलतोय का, याचा ती अंदाज घेत असावी.

“गाडी तळ्यापातूर जाती. म्होरं चालाय लागतंय.”

“चालू.”

“काटं हायत.”

“असू देत.”

“आन दाराला कुलूप हाय. चुलत्याकडं किल्ली हाय, त्यो देत न्हाई.”

“मग गं?” परीक्षित म्हणाला. त्याच्याही तोंडात ‘गं’ सरांसारखा आला. “मग कसं सांगायचं?”

“दाराला फट हाय की,” दुर्गा म्हणाली, इतकं साधं याला कळत कसं नाही अशा सुरात. “फटीतनं बोलायचं. आई आतनं असंच बोलायची, मी भाईर खेळाय असली की.”

परीक्षितनं खिशातून फोन काढला आणि वृषालीला सांगितलं की आज रात्री घरी येत नाही, दुर्गाबरोबर तिच्या आईकडे जातोय. पलीकडून वृषाली काहीतरी म्हणाली. त्यानं “सांगतो” म्हटलं आणि फोन ठेवला.

“काय म्हणाली?” सर.

“म्हणाली, माझाही नमस्कार सांग. आणि चानकी कशी करतात ते विचारून ये.” तो डोळे पुसत हसला. “चानकी तिला ठाऊक होती, सर. तिला सांगितलं होतं दुर्गानं. मलाच नव्हतं सांगितलं.”

दुर्गा पायरीवर जाऊन चपला घालत होती. रडताना खांद्यावरून घसरलेली पिशवी स्टुलावरच राहिली. तिच्या ते लक्षात आलं नाही, आणि दोघांनीही आठवण करून दिली नाही. मग परीक्षितनंच ती उचलून आपल्या खांद्याला लावली. लहान मुलीची गुलाबी पिशवी. त्याच्या खांद्यावर ती काखेतच अडकली.

थर्मास टेबलावर तसाच होता. त्याच्याकडे त्यानं पाहिलंही नाही.

दारापर्यंत गेला आणि परत फिरला.

“सर...”

“हं.”

“बंद घराच्या दाराशी उभं राहून मी नेमकं काय बोलू?”

“पत्ता सांग. घर नंबर, गल्ली, सगळं. आणि आपलं नाव सांग. पोरगी कुणाकडं आहे ते कळायला नको का तिला?”

“पण सर...” त्यानं दुर्गाला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज खाली आणला, “आत तर कोणीच नसणार.”

सर पेरू खात होते. त्यांनी बी काढून हातावर घेतली.

“मोठ्यानं सांग,” ते म्हणाले. “आमच्या वयाच्या माणसांना जरा कमी ऐकू येतं.”